इंजिन गाडीत चढवण्यापूर्वी : चाचणी-स्टॅण्ड विकत घ्यावे की करून घ्यावे ?



दसरा तोंडावर आला की उमरखेड, महागाव, पुसद, ढाणकी या बाजूच्या गॅरेजांपुढे पाय ठेवायला जागा राहत नाही. गळीत हंगामाचे वेध लागलेले असतात, वाहतुकीचा करार झालेला असतो, टोळीला उचल देऊन झालेली असते आणि गाडीचे इंजिन मात्र अजून टेबलावर उघडे पडलेले असते. मालक मिस्त्रीच्या मागे, मिस्त्री बोअरवाल्याच्या मागे. अशा घाईत इंजिन एकदाचे बांधून होते, त्याच रात्री गाडीत चढते आणि दुसऱ्या दिवशी गाडी थेट उसाच्या फडात. यात मधली एक पायरी आपण सगळेच गाळतो. बांधलेले इंजिन गाडीत चढवण्यापूर्वी जमिनीवर, भार देऊन, काही तास चालवून पाहणे ही ती पायरी. त्यासाठी जी लोखंडी बैठक लागते तिला इंजिनचे चाचणी-स्टॅण्ड म्हणतात. असे स्टॅण्ड विकत घ्यावे, गावच्या वेल्डरकडून करून घ्यावे, की त्या भानगडीतच पडू नये, असा प्रश्न वाहनधारक सभासद वरचेवर विचारतात. म्हणून या अंकात त्याविषयी चार गोष्टी सांगण्याचे आम्ही ठरवले आहे.

आधी आमच्याच घरची गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या जुन्या ट्रकचे इंजिन हंगामाआधी पूर्ण करून घेतले. लायनर, पिस्टन, मेन बेअरिंग, सगळे नवे. मिस्त्री माणूस चांगला, हात चांगला. इंजिन गाडीत बसवल्यावर त्याने ते रात्रभर स्लोवर चालू ठेवले आणि सकाळी म्हणाला, "भाऊ, रातभर चाललं, गरमबी झालं नाई. आता काई भेव नाई." आम्हीही निर्धास्त झालो. तिसऱ्या खेपेला महागावकडून येताना, गाडी उसाने भरलेली असताना, चढावर इंजिन बसले. रात्रीची वेळ, ऊस रस्त्यावर, टोळी फडात रिकामी. उघडून पाहिले तर मेन बेअरिंग निळे पडलेले आणि ऑइल चेंबरच्या जाळीला चिंधीचा एक तुकडा चिकटलेला. हात पुसायची चिंधी, चेंबर लावताना आत राहून गेलेली. स्लोवर ऑइल पंप हळू ओढतो, तोवर ती चिंधी चेंबरच्या तळाशी गुमान पडून होती. रेस वाढली, ऑइल तापून पातळ झाले, ओढ वाढली, तशी ती जाळीवर जाऊन बसली आणि ऑइलचा दाब गेला. ट्रकमध्ये दाब दाखवणारे गेज होते, पण ते केव्हाचे बंद होते आणि त्याकडे कोणी पाहतही नव्हते. दोष एकट्या मिस्त्रीचा नाही, आमचाही तितकाच.

ही गोष्ट सांगण्याचे कारण असे की, इंजिन चालवून पाहिले नव्हते असे नाही. रात्रभर चालवले होते, पण भाराशिवाय. भाराशिवाय चालवणे ही चाचणी नव्हे, एवढे या लेखातून कोणाच्या लक्षात राहिले तरी आम्हाला पुष्कळ झाले.

बाजारात 'इंजिन स्टॅण्ड' म्हणून चार चाकांचे, एका बाजूने इंजिन पकडून फिरवता येणारे जे साधन मिळते, ते इंजिन उघडण्या-बांधण्यासाठी असते. त्यावर इंजिन चालू करण्याचा मोह कोणी करू नये. इंजिन जोर लावते तेव्हा ते स्वतःही उलट दिशेला पिळले जाते. १०० अश्वशक्तीचे इंजिन २००० फेऱ्यांवर पूर्ण जोर देत असेल, तर तो पीळ एक मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला सुमारे ३६ किलो वजन टांगल्याइतका असतो. चार चाकांचा तो सांगाडा अशाने आडवा होईल.

आता भार कशासाठी, ते पाहू. नव्या लायनरच्या आतल्या अंगाला होनिंगच्या बारीक तिरप्या रेघा असतात. नव्या रिंगा त्यावर घासून आपली जागा करतात आणि ही जागा पहिल्या काही तासांतच होते. रिंग लायनरवर दाबून धरण्याचे काम ज्वलनाचा दाब करतो. इंजिन स्लोवर ठेवले की तो दाबच पुरेसा नसतो. मग रिंगा घासत नाहीत, लायनरवर ऑइलचा चकचकीत थर बसतो, रेघा बुजतात आणि नवे इंजिन जन्मभर ऑइल खात राहते. रात्रभर स्लोवर ठेवण्याची आपल्याकडची जी पद्धत आहे, ती काळजीपोटी पडली आहे हे खरे, पण त्या काळजीने नुकसानच होते. उलट पहिल्याच दिवशी दोन ट्रॉल्या भरून चढाला लावणे हेही वाईटच. पाहिजे तो भार टप्प्याटप्प्याने.

पण भार द्यायचा आणि तो मोजायचा कसा ? घाटात उतरताना बंडीच्या चाकाला लाकूड लावून वेग धरतात, ते आपल्यापैकी जुन्या लोकांनी पाहिले आहे. त्याच युक्तीवर फ्रान्सच्या प्रोनी नावाच्या अभियंत्याने १८२१ साली इंजिनचा जोर मोजण्याचे साधन केले. फिरत्या चाकाला लाकडाची मिठी घालायची आणि ती मिठी चाकाबरोबर फिरू नये म्हणून टोकाला किती वजन टांगावे लागते ते पाहायचे. पुढे १८७७ साली विल्यम फ्रूड याने लाकडाऐवजी पाण्याचाच ब्रेक केला आणि मोठमोठ्या इंजिनांची चाचणी शक्य झाली. आजही मोठ्या कारखान्यांत, पुण्याला १९६६ साली स्थापन झालेल्या ए.आर.ए.आय. या संस्थेत किंवा बुदनीला चाचणीची जी यंत्रे आहेत, ती कितीही आधुनिक असोत, प्रश्न तोच विचारतात : फिरता दांडा धरून ठेवायला किती वजन लागते ?

एक अश्वशक्ती म्हणजे ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर उचलणे. मिनिटाचा हिशेब केला तर ४५००. हा ४५०० चा आकडा ध्यानात ठेवावा, पुढे लागतो.

आपल्या विहिरीवरचे साधे इंजिन घ्या. किर्लोस्करचे ए.व्ही. १ हे ५ अश्वशक्तीचे, १५०० फेऱ्यांचे इंजिन बहुतेकांना माहीत आहे. त्याला दोरीचा ब्रेक सहज करता येतो. फ्लायव्हीलला ३०० मिलिमीटर व्यासाचा ड्रम बोल्टने पक्का करायचा, त्यावर २० मिलिमीटर जाडीची दोरी टाकायची, दोरीच्या एका टोकाला वजनाचे पारडे आणि दुसऱ्या टोकाला स्प्रिंगचा काटा. ड्रमचा व्यास आणि दोरीची जाडी मिळून ३२० मिलिमीटर, म्हणजे ०.३२ मीटर. त्याला ३.१४ ने गुणले, १५०० फेऱ्यांनी गुणले, वजनातून काट्याचे वजन वजा करून जे किलो उरतील त्यांनी गुणले आणि ४५०० ने भागले की अश्वशक्ती आली. वजा जाता १५ किलो उरत असतील तर उत्तर बरोबर ५ येते. म्हणजे इंजिन १५०० फेरे न सोडता १५ किलो धरत असेल तर ते पुऱ्या ताकदीचे आहे. बारा किलोवरच धापा टाकू लागले तर ४ चे आहे, मग पाटीवर काहीही लिहिलेले असो.

यात एक गोष्ट विसरू नये. इंजिनची सगळी शक्ती त्या ड्रममध्ये उष्णता होऊन उतरते. ५ अश्वशक्ती म्हणजे पावणेचार किलोवॅट, एक किलोवॅटच्या पावणेचार शेगड्या एका ड्रमवर पेटवल्यासारखे. ड्रमला आतून काठ ठेवून त्यात पाणी सोडावे लागते आणि तासाला पाचेक लिटर पाण्याची वाफ होते. पाणी संपले की दोरी जळते. पारडे साखळीने बैठकीला बांधलेले असावे, नाहीतर दोरी अडकली तर ते वजन भिरकावले जाईल आणि पाहणाऱ्याच्या कपाळी बसेल.

दोरीची कटकट नको असेल त्याच्यासाठी त्याहून सोपा ब्रेक विहिरीवर आहेच : पंप. पाणी उचलणे हाच भार. दोनशे लिटरची टाकी दहा सेकंदांत भरते, म्हणजे सेकंदाला २० लिटर. पंपाच्या तोंडाशी गेज १.६ किलो दाखवते म्हणजे १६ मीटर, आणि विहिरीतले पाणी ४ मीटर खाली आहे, एकूण २० मीटर. वीस गुणिले वीस चारशे, भागिले ७५, म्हणजे सव्वापाच अश्वशक्तीचे पाणी उचलले गेले. जुना पंप निम्मी शक्ती खातो असे धरले तर इंजिन साडेदहा अश्वशक्ती देत आहे. पंप किती खातो हा अंदाजच असल्यामुळे हा आकडा बिनचूक म्हणता येणार नाही. पण त्याच पंपावर, त्याच विहिरीवर दुरुस्तीआधी आणि दुरुस्तीनंतर टाकी किती सेकंदांत भरली हे लिहून ठेवले, तर इंजिन सुधारले की नाही हे सांगायला दुसरा साक्षीदार लागत नाही. येथे बऱ्याच जणांची एक चूक होते. व्हॉल्व्ह बंद करत नेला की इंजिनवर भार वाढेल असे वाटते. आपल्या नेहमीच्या सेंट्रिफ्यूगल पंपाचे उलटे आहे : व्हॉल्व्ह बंद केला की पाणी कमी, भारही कमी. म्हणून सुरुवात व्हॉल्व्ह जवळजवळ बंद ठेवून करावी आणि तो हळूहळू उघडत भार वाढवावा. पूर्ण बंद ठेवून मात्र फार वेळ चालवू नये, आतले पाणी उकळू लागते.

ट्रॅक्टरवाल्या सभासदांनी येथे थोडे थांबावे, कारण त्यांना स्टॅण्डची गरज नाही असे आमचे मत आहे. बहुतेक शेती ट्रॅक्टरांमध्ये इंजिन हा सांगाड्याचाच भाग असतो. पुढचा आस इंजिनला, इंजिन गिअरबॉक्सला. ते बाहेर काढून वेगळे चालवण्यात अर्थ नाही. पण ट्रॅक्टरला मागे पी.टी.ओ. आहे, ५४० फेऱ्यांचा, आणि तोच त्याचा स्टॅण्ड. मध्य प्रदेशात नर्मदाकाठी बुदनी येथे केंद्र सरकारची १९५५ पासूनची संस्था आहे. तेथे देशातले ट्रॅक्टर तपासतात, तेव्हा इंजिनची ताकद याच पी.टी.ओ.वर भार देऊन मोजतात आणि डिझेल किती लागले तेही अहवालात छापतात. नवा ट्रॅक्टर घेताना विक्रेत्याकडे त्या मॉडेलचा बुदनीचा अहवाल जरूर मागावा. घरच्या घरी चाचणी घ्यायची तर पी.टी.ओ.वर पंप किंवा जनरेटर लावावा. लग्नात लायटिंगसाठी ट्रॅक्टरवरचा जनरेटर येतो, तो या कामाला उत्तम. ज्याला जितके दिवे, तितका भार.

राहता राहिले ट्रक आणि जीपचे इंजिन. शंभर-सव्वाशे अश्वशक्तीच्या इंजिनला दोरी पुरत नाही आणि एवढा पंपही आपल्यापैकी कोणाच्या विहिरीवर नाही. येथे पाण्याचा ब्रेक, ज्याला हायड्रॉलिक डायनॅमोमीटर म्हणतात, तोच पाहिजे. त्याला पाणी किती लागते ते ऐका. १०० अश्वशक्तीची सगळी उष्णता पाण्याने वाहून न्यायची आणि पाणी ३० अंशांनीच तापू द्यायचे, तर मिनिटाला ३५ लिटर, तासाला दोन हजारांवर लिटर. पण ते पाणी वाया जात नाही. मोठे टाके बांधून ते थंड करून फिरवता येते, किंवा सरळ उसाच्या सरीत सोडता येते. अशा ब्रेकला एक भुजा असते आणि तिच्या टोकाशी वजनकाटा. ही भुजा मध्यापासून बरोबर ७१६ मिलिमीटर ठेवतात. कारण मग हिशेब तोंडी होतो : काट्यावरचे किलो गुणिले फेरे, भागिले एक हजार. काटा ५० किलो आणि फेरे २०००, म्हणजे १०० अश्वशक्ती. जुना ब्रेक भंगारवाल्याकडून किंवा बंद पडलेल्या वर्कशॉपमधून घेण्याचा विचार असेल तर आधी भुजेची लांबी स्वतः मोजावी, टोकाला माहीत असलेले वजन टांगून काटा तेच दाखवतो का पाहावे, आणि शाफ्ट हाताने फिरवून बेअरिंगचा आवाज ऐकावा. विक्रेत्याचा रंग पाहून घेऊ नये. रंग हल्ली सगळ्यांचाच नवा असतो.

ब्रेक विकत घ्यावा, पण बैठक मात्र गावातच करावी असे आम्ही सांगू. त्यात काही कठीण नाही. १०० मिलिमीटरचे चॅनेल मीटरला साडेनऊ किलोच्या आसपास भरते. सहा सिलिंडरच्या इंजिनची बैठक, आडवे सांधे आणि रेडिएटरचा आधार धरून १८ मीटर चॅनेल पुरते, म्हणजे सुमारे १७० किलो लोखंड. भाव आम्ही येथे छापत नाही. अंक तुमच्या हाती पडेपर्यंत तो बदललेला असेल, तेव्हा आजच्या भावाने आपणच गुणून पाहावे. इंजिनचे पाय सरकवता येतील अशा लांबट भोकांच्या पट्ट्या कराव्यात, म्हणजे वेगवेगळ्या मेकची इंजिने एकाच बैठकीवर बसतात. बैठकीला चाके लावायची हौस असेल तर लावावीत, पण चालवताना ती जमिनीतल्या बोल्टांनी आवळलेलीच पाहिजे. गाडीचाच रेडिएटर, गाडीचीच बॅटरी, डिझेलची टाकी उंचावर आणि तिला हाताशी कॉक. सायलेन्सरचा पाइप शेडच्या बाहेर. बंद खोलीत धूर साठून माणूस बेशुद्ध पडतो, त्याला वास येईपर्यंत उशीर झालेला असतो. आणि तीन गेजे : ऑइलचा दाब, पाण्याचे तापमान, फेरे. पैसा वाचवायचा तो लोखंडात वाचवा, गेजांत नको. इंजिन वर चढवायला एक टनाची चेनपुली लागेल, आणि ती ज्या कैचीला टांगायची ती कैची ते वजन पेलते का हे आधी पाहिलेले बरे.

चालवण्याची रीत अशी. डिझेल बंद ठेवून स्टार्टरने इंजिन थांबत थांबत फिरवावे आणि ऑइलचे गेज हलल्यावरच डिझेल सोडावे. चालू झाल्यावर काही सेकंदांत दाब आला नाही तर विचार न करता बंद करावे. हजारेक फेऱ्यांवर पाणी ७५-८० अंशांपर्यंत तापू द्यावे, गळती पाहावी. मग अर्धा तास पाव भार, तासभर निम्मा भार, त्यानंतर पाऊण भार. मधूनमधून ब्रीदरच्या नळीकडे लक्ष ठेवावे. तेथून येणारी वाफ जशी रिंगा बसतील तशी कमी होत गेली पाहिजे. वाढत असेल तर काहीतरी बिनसले आहे. धूर काळा असेल तर नोझल किंवा हवा, निळा असेल तर ऑइल जळते आहे, आणि तापल्यावरही पांढरा येत राहिला तर टायमिंग किंवा हेडमधून पाणी. डिझेल मापाच्या बाटलीतून द्यावे. चांगले इंजिन दर अश्वशक्तीला ताशी २०० ग्रॅमच्या आसपास डिझेल घेते, म्हणजे ५ च्या इंजिनला पूर्ण भारावर तासाला सव्वा लिटर. चाचणी संपल्यावर कंपनीच्या पुस्तकाप्रमाणे हेडचे बोल्ट आणि टॅपेट पुन्हा पाहावे आणि ऑइल बदलावे. जुने ऑइल पांढऱ्या कपड्यातून गाळून पाहा, त्यात काय काय निघते ते पाहून मिस्त्रीही गप्प होतो.

धोक्याविषयी स्पष्ट लिहिणे भाग आहे. डिझेल इंजिन चावी काढून बंद होईलच असे नाही. गव्हर्नर अडकला किंवा ऑइल वरून आत जाऊ लागले तर ते स्वतःच्या ऑइलवर पळत सुटते, फेरे वाढत जातात आणि डिझेल तोडूनही थांबत नाही. त्या वेळी हवा तोडणे हाच उपाय. एअर इनलेटच्या तोंडावर बसेल अशी दांडा जोडलेली सपाट लोखंडी पाटी आधीच करून हाताशी ठेवावी. हाताने किंवा पोत्याने तोंड दाबायला कोणी जाऊ नये. हात आत ओढला जातो आणि पोतेही. फ्लायव्हील आणि मधला शाफ्ट जाड पत्र्याने झाकलेला असावा, आणि त्यांच्या रेषेत कोणीही उभे राहू नये, मालकाने तर नाहीच. मालकच सर्वांत जवळ जाऊन वाकून पाहतो असा आमचा अनुभव आहे. धोतर, उपरणे, गळ्यातला गमछा, सगळे बाजूला. आणि पोरांना शेडबाहेर काढल्याशिवाय स्टार्टर मारू नये.

आणखी एक गोष्ट नव्या गाडीवाल्यांसाठी. १ एप्रिल २०२० पासूनच्या बी.एस. ६ गाड्यांत, आणि १ जानेवारी २०२३ पासूनच्या ५० अश्वशक्तीवरच्या ट्रॅक्टरांत, डिझेल देण्याचे काम इलेक्ट्रॉनिक मेंदू करतो. त्याच्या वायरी आणि सेन्सर जोडल्याशिवाय असे इंजिन स्टॅण्डवर नीट चालत नाही. त्याच्यासाठी घरचा स्टॅण्ड नाही, त्याच्या कंपनीचे वर्कशॉपच बरे. आपल्याकडे ऊस वाहणाऱ्या जुन्या, साध्या पंपाच्या गाड्यांना मात्र वरचे सगळे लागू आहे.

मग घ्यावे की करावे ? ज्याच्याकडे एकच गाडी आहे त्याने काहीच करू नये. तीन-चार वर्षांतून एकदा इंजिन उघडणार, त्यासाठी स्टॅण्ड गंजत ठेवण्यात शहाणपण नाही. विहिरीवरच्या इंजिनला पंप आहे, ट्रॅक्टरला पी.टी.ओ. आहे. स्टॅण्डचा विचार करावा तो आठ-दहा ट्रकमालकांनी मिळून, पाणी आणि पक्की जागा असलेल्या एखाद्याच्या शेडमध्ये. बैठक गावात करावी, ब्रेक जुना पण तपासून घ्यावा, आणि चालवायला एकच जबाबदार माणूस ठेवावा. दहा मालक दहा मिस्त्री घेऊन आले तर स्टॅण्ड पहिल्याच हंगामात मोडेल. प्रत्येक इंजिनचा कागद ठेवावा : तारीख, किती तास, किती भार, ऑइलचा दाब, डिझेल. पुढच्या वेळी तेच इंजिन आले की जुना कागद काढून शेजारी ठेवायचा. पैसे कसे वाटून घ्यायचे हे ज्याचे त्याने ठरवावे, फक्त ते हंगाम सुरू होण्याआधी आणि लेखी ठरवावे. उसाच्या गाड्या सुरू झाल्या की कोणालाच बोलायला वेळ नसतो.

ज्या गटातील वाहनधारक असा विचार करत असतील त्यांनी इंजिनांचे मेक आणि पाण्याची सोय यांची यादी करून ठेवावी, म्हणजे बैठकीचे माप एकदाच काढता येईल. इंजिन आणि ब्रेक जोडायला दोन्ही बाजूंना क्रॉस असलेला प्रोपेलर शाफ्ट लागतो. कोणाच्या घरी जुना, सरळ शाफ्ट पडलेला असेल तर तो तूर्त भंगारात घालू नये.